दर महिन्याचे आठ सेकंद

बरकतपुरा, हैदराबाद
रविवार, दुपारी

प्रिय हर्षवर्धन,

तू बसवलेल्या जनरेटरच्या पॅनेलनं ऐन वेळी दगा दिला असं तुझ्या कानावर आलं असेल, नसेल तर चार दिवसांत येईल. ते खरं नाही. दगा मी दिला. त्या पॅनेलला मी अडीच वर्षं कामच करू दिलं नव्हतं, आणि मग एका गुरुवारी त्यानं सगळं काम एकदम करावं अशी अपेक्षा केली. हे मी हॉस्पिटलला सहीनिशी लिहून दिलं आहे. तुझ्या नावाला धक्का लागलेला नाही आणि लागणारही नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढची पानं तू धास्तावून वाचणार नाहीस. माझ्या नोकरीचं काय होणार ते महिनाअखेरीला कळेल. ते असो. पण जे झालं ते तुला माझ्याकडूनच कळायला हवं होतं.

तीन वर्षांत पत्र नाही, फोन नाही. दर दिवाळीला दोघांनी एकमेकांना पाठवलेला पणतीचा फोटो तेवढा, आणि आता अचानक हे बाड. हातानं लिहिते आहे, कारण फोनवर मी तुला बोलू देणार नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. माझं मराठी अजून तसंच आहे, तुला हसू येणारं. तू गेल्यापासून ‘नक्को’ म्हटलं की आजूबाजूला कुणी दचकत नाही, त्यामुळे ‘नक्को’ म्हणण्यातली मजाच गेली. नाना बरे आहेत. म्हणजे डायलिसिसवरचा माणूस जितका बरा असतो तितके. मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी आठला रिक्षातून काचीगुड्याला आमच्या हॉस्पिटलात, साडेबारापर्यंत मशीनवर, मग घरी येऊन मोजून दीड पेला पाणी. बाजूच्या खाटेवर अजूनही भाग्यलक्ष्मी अम्माच असते, साड्यांना फॉल लावणारी. ती तेलुगूत बोलते, नाना कोर्टातल्या उर्दूत, आणि दोघांचं एकमेकांशी फार जमतं.

तुझी ती पहिली टेस्ट आठवते? जनरेटर नुसता चालवून बघणं म्हणजे टेस्ट नव्हे, यावर तू अडून बसला होतास. हॉस्पिटलची वीज खरोखर तोडायची, सगळा लोड असताना, आणि पॅनेलला एकट्याला सोडायचं. वीज गेली हे त्यानंच ओळखायचं, इंजिन त्यानंच चालू करायचं, व्होल्टेज जमलं की हॉस्पिटलचा भार त्यानंच उचलायचा. कुणी हात लावायचा नाही. मोठे डॉक्टर भडकले होते, “मरीजाँ के ऊपर टेस्ट करते क्या आप?” आणि तू शांतपणे म्हणालास की आज नाही केली तर ती कधीतरी आपोआप होईल, आणि तेव्हा आपण कुणीच तिथं नसू. तुझ्या त्या शांतपणाचा मला तेव्हा राग आला होता. नंतर त्याच शांतपणासाठी मी दुपारी कारण नसताना जनरेटर रूमच्या चकरा मारायला लागले, ही गोष्ट वेगळी.

त्या शनिवारी तू खाली पॅनेलपाशी होतास आणि मी फोन कानाला लावून डायलिसिसच्या दारात. तू फोनवर आकडे म्हणत होतास. दिवे गेले, पंखे थांबले, बाराच्या बारा मशीन एकदम ओरडायला लागल्या. नानांनी खाटेची कड घट्ट धरली, डोळे मिटले, आणि त्यांचे ओठ हलायला लागले. नाना देवाचं नाव घेणाऱ्यातले नाहीत, तुला माहीत आहे. माझे वडील घाबरलेले मी पहिल्यांदाच बघत होते. तू ‘आठ’ म्हणालास, दिवे आले, खाली तुम्ही लोकांनी टाळ्या वाजवल्या. वर मी नानांकडेच बघत होते. तुला मी सांगितलं की सगळं छान झालं. नानांना काय वाटलं ते मी त्यांना विचारलं नाही. मी ते बघितलं होतं, विचारायचं काय त्यात, असं मला वाटलं.

तू गेल्यावर दोन महिने मी नेमानं टेस्ट घेतली, महिन्याच्या पहिल्या शनिवारी, तू आखून दिली होतीस तशी. दोन्ही वेळा नानांचे ओठ हलले. तिसऱ्या महिन्यात यादगिरीच्या मुलीचं बाळंतपण आमच्या हॉस्पिटलात झालं. यादगिरी म्हणजे आमच्या सबस्टेशनचा लाइनमन, सायकलवर शिडी घेऊन फिरायचा तो. खाट मिळत नव्हती, मी मिळवून दिली. तो हात जोडून म्हणाला, “अम्मा, कुछ भी काम रहा तो बोलो.” आणि माझ्या तोंडून निघून गेलं की लाइन बंद करायच्या आधी मला एक फोन करत जा. बस, एवढंच. त्यानंतर झाडं तोडायची असोत की तार बदलायची असो, दहा मिनिटं आधी यादगिरीचा फोन यायचा. मी जनरेटर सांभाळणाऱ्या दत्तोबाला सांगायची, तो इंजिनवरची किल्ली फिरवून जनरेटर आधीच चालू करायचा आणि लोड हातानं बदलून घ्यायचा. वर दिवे नुसते एकदा मिचकायचे. एकही मशीन ओरडायची नाही. नाना पेपर वाचत असायचे ते वाचतच राहायचे. मला काय वाटायचं सांगू? मी जगातली सगळ्यात हुशार मुलगी आहे असं वाटायचं.

न सांगता जाणारी वीज असायचीच. पण तेव्हा दत्तोबा तिथंच स्टुलावर बसलेला असायचा, आणि त्याला तुझ्या पॅनेलशी शर्यत लावायची सवय जडली. पॅनेल काही करायच्या आत त्याची किल्ली फिरलेली असायची. एकदा मी म्हटलं, “दत्तोबा, त्याला करू द्या की कधी.” तर म्हणाला, “त्याला कशाला तरास मॅडम, मी हाव की.” भालकीचा माणूस, तीस वर्षं इंजिनांजवळ काढलेला. आपल्या जागी एक डबा आणून बसवला हे त्याला आतून लागलं होतं, आणि मला त्याचं मन मोडवेना. शिवाय खरं सांगायचं तर ते माझ्याही सोयीचं होतं. दर महिन्याची टेस्ट मी बंद केली. दत्तोबाला सांगितलं की वरून परवानगी नाही. वरच्यांना सांगितलं की टेस्ट झाली.

आणि ते तक्ते. तू छापून दिलेले तक्ते, खाली डाव्या कोपऱ्यात ‘तयार करणार’ म्हणून तुझं नाव असलेले. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी अकरा वाजता मी ते काढायची आणि ‘किती सेकंद’ या चौकटीत आठ लिहायची. कधी खरं वाटावं म्हणून नऊ. असे एकतीस तक्ते आहेत, हर्षवर्धन. तुझ्या नावाच्या शेजारी माझी सही, एकतीस वेळा, आणि सगळ्या खोट्या. गंमत अशी की मला त्या दिवसाची ओढ असायची. महिन्यातून एकदा तुझं नाव समोर ठेवून पाच मिनिटं बसायला मिळायचं. कागदाचा तो कोपरा बघत मी विचार करायची, आता पुण्यात हा काय करत असेल, कुठल्या गावच्या जनरेटर रूममध्ये डोकं घालून बसला असेल, त्याला वेळेवर जेवायची आठवण कोण करत असेल. मग आठ लिहून फाइल बंद करायची.

मागच्या महिन्यात यादगिरी रिटायर झाला. लाडूंचा डबा घेऊन मला मुद्दाम भेटायला आला, पाया पडायला लागला, मी त्याला दटावलं. दोन लाडू खाल्ले. नातवाचे फोटो बघितले. तो माणूस माझ्या समोर बसून सांगतो आहे की सोमवारपासून मी कामावर नाही, आणि आता तो फोन येणार नाही हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. तुला खोटं वाटेल. मला अजून वाटतं. इतकी सवय झाली होती की तो फोन यादगिरी करतो हेच मी विसरले होते, पाऊस-ऊन यावं तसा तो आपोआप येतो असं धरून चालले होते. त्याच आठवड्यात दत्तोबानं गुरुवारची सुट्टी मागितली, नामपल्लीला डोळ्याच्या डॉक्टरांकडे जायचं म्हणून. मी म्हटलं, खुशाल जा, फोन येईलच, मी बघते.

गुरुवारी अकरा चाळीसला वीज गेली. मी ऑफिसात होते. पहिले काही सेकंद मी नुसती फोनकडे बघत बसले, हा वाजला कसा नाही म्हणून. मग मनात मोजायला लागले. आठ झाले, नऊ झाले, वीस झाले. मी पळत खाली गेले तर पॅनेलची शिट्टी वाजते आहे, पडद्यावर लिहून आलं आहे की तीनदा प्रयत्न केला, इंजिन चालू होत नाही. ऑपरेशन थिएटरला आणि आयसीयूला वेगळा बॅटरीचा आधार आहे. डायलिसिसला नाही. मशीनच्या आतल्या छोट्या बॅटऱ्या, त्यातल्या निम्म्या म्हाताऱ्या. हे सगळं डोक्यात एकदम आलं. मी हिरवं बटण दाबत राहिले. शिट्टी सहन होईना म्हणून लाल बटण दाबलं. तेच, जे दाबलं की इंजिन काही केलं तरी हलत नाही. बारा वर्षं हॉस्पिटलच्या देखभाल खात्यात आहे मी, आणि एखाद्या लहान मुलासारखी बटणं दाबत होते.

मग मी पॅनेलचं दार उघडलं. आत तुझा कागद होता. दत्तोबासाठी चिकटवलेला, हातानं लिहिलेला, कडांना तेलाचे डाग पडलेला. ‘दत्तोबा, घाई नाही. एक : शिट्टी वाजते आहे, वाजू दे. दोन : लाल बटण कुणी घाबरून दाबलं असेल तर फिरवून बाहेर ओढ. तीन : पॅनेल ऐकत नसेल तर त्याच्याशी भांडू नको, इंजिनवरची किल्ली वापर. चार : काटा जागेवर आला की मेनचा ब्रेकर खाली, जनरेटरचा वर. पाच : मग मॅडमना सांग, आणि त्या रागावल्या तर चहा मागव.’ मी मोठ्यानं वाचत एकेक करत गेले. तुझा आवाज ऐकू आला असं मी म्हणणार नाही, तुला ते नाटकी वाटेल. पण एवढं खरं की त्या खोलीत मी एकटी आहे असं मला वाटलं नाही. इंजिन लागलं. ब्रेकर वर केला. नऊ मिनिटं गेली होती.

वर पोचले तेव्हा जे बघितलं ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. पाच मशीन पूर्ण बंद पडल्या होत्या. बाहेर, नळ्यांमध्ये, माणसाचं रक्त असतं. ते थांबून राहिलं तर गोठतं, म्हणून पंपाला एक छोटा दांडा लावून तो हातानं गोल फिरवत राहावं लागतं, ना घाई ना ढिलाई. सिस्टर दोघी, टेक्निशियन एक, मशीन पाच. नानांची मशीन त्या पाचांत होती. सिस्टर त्यांच्यापाशी आधी आली, तर त्यांनी तिला भाग्यलक्ष्मीकडे पाठवलं आणि दांडा स्वतः हातात घेतला. डाव्या हातात सुया, म्हणून उजव्या हातानं अंगावरून वळून, एकाहत्तर वर्षांचा माणूस नऊ मिनिटं स्वतःचं रक्त स्वतः फिरवत होता. मी गेले तेव्हा दिवे आले होते तरी ते थांबायला तयार नव्हते. सिस्टरनं त्यांची बोटं हलकेच सोडवली.

नानांचं सगळं रक्त परत आत गेलं. भाग्यलक्ष्मीचं नाही गेलं. सिस्टर तिच्यापर्यंत पोचेतो उशीर झाला होता, तिच्या नळ्यांत गाठी झाल्या, तेवढं रक्त टाकून द्यावं लागलं. तिच्या अंगात आधीच रक्त कमी. दोन दिवस आयसीयूत होती. बाहेरच्या बाकावर मी बसून राहिले, तिची सून मला धीर देत होती, “करंट पोतुंटदि मॅडम, मीरेम चेस्तारु,” वीज जातेच, तुम्ही काय करणार. मी काय केलं ते तिला माहीत नव्हतं. ती वाचली. शनिवारी खाटेवर आली आणि नानांना बघून हसली. ती वाचली नसती तर मी हे पत्र तुला लिहिलं नसतं, कुणालाच काही लिहिलं नसतं.

तुमच्या कंपनीच्या इथल्या ब्रँचचा रितेश तपासायला आला. पॅनेलमधल्या कंट्रोलरकडून इंजिनाला चालू हो म्हणून सांगणारी एकच तार, इंजिनाच्या हादऱ्यांनी सैल होऊन टर्मिनलमधून सुटली होती. किल्लीचा रस्ता वेगळा, त्यामुळे दत्तोबाला ते कधी कळायचं कारण नव्हतं. एक, फक्त एक महिना टेस्ट घेतली असती तरी सापडली असती. रितेशनं दोन मिनिटांत पेचकसानं आवळली. तो हत्यारं आवरत असताना मी आडून आडून विचारलं, तुमचे पुण्याचे हर्षवर्धन सर कसे आहेत, डबा घरून आणतात की काय. तो म्हणाला, मेसचाच खातात मॅडम, तोही निम्मा. हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. माफ कर.

दुसऱ्या दिवशी अॅडमिनच्या साहेबांनी बोलावलं. फार गोड बोलले. म्हणाले, पॅनेलमध्ये दोष होता असं लिहा, बसवणाऱ्याची सही आहेच, तो बसलाय पुण्यात, त्याचं काय बिघडणार आहे. तक्ते तर सगळे व्यवस्थित आहेत तुमचे. माझ्या पुढ्यात कोरा कागद ठेवला. मी त्याच कागदावर लिहिलं की तक्ते खोटे आहेत, एकतीसच्या एकतीस, आणि टेस्ट मी बंद केली. यादगिरीचं नाव लिहिलं नाही, त्यानं कुणाचं वाईट केलं नव्हतं. दत्तोबाच्या बाबतीत लिहिलं की तो माझ्या सांगण्यावरून वागला. साहेबांचा चेहरा उतरला. मला मात्र कित्येक महिन्यांनी नीट श्वास आल्यासारखं झालं.

नानांना मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. वाटलं होतं, पाठीवर हात फिरवतील. माझ्यासाठीच केलंस ना पोरी, म्हणतील. ते असे चिडले की मी त्यांना आयुष्यात तसं चिडलेलं बघितलं नव्हतं. चाळीस वर्षं कोर्टात पेशकाराची कारकुनी केलेला माणूस. म्हणाले, “आमच्या कोर्टात खुनाच्या आरोपीलासुद्धा विचारतात, तुला काही सांगायचंय का. तू मला तेवढंही विचारलं नाहीस.” मी म्हटलं, नाना, तुम्ही घाबरला होतात, ओठ हलत होते तुमचे, मी बघितलंय. तर म्हणाले, “अगं, मी मोजत होतो. दत्तोबानं आधी सांगितलं होतं, आठ लागतील. मी मोजत होतो आणि बरोबर आठला दिवे आले. मला मजा वाटली होती त्याची. पुढच्या महिन्याची वाट बघायचो मी, आणि तू ते बंदच केलंस!”

आपल्या माणसाला आठ सेकंदांचाही त्रास नको म्हणून मी अडीच वर्षं जीव पाखडला. त्या माणसाला त्रास नव्हताच. त्याला त्याची मजा वाटत होती. नाना तेवढ्यावर थांबले नाहीत. थोड्या वेळानं, आवाज खाली आणून म्हणाले, “तो हर्षवर्धन. त्यालाही तू असंच काही परस्पर सांगून टाकलंस ना?” मी उठून आत गेले आणि कुकर लावला. भूक कुणालाच नव्हती.

तर आता तेही लिहिते. तू पुण्याला परत निघालास तो दिवस, नामपल्ली स्टेशन, दुपारची गाडी, तुझी ती हत्यारांची जड पेटी आपल्या दोघांच्या मध्ये ठेवलेली. तू म्हणालास, “माधवी, मी इकडच्या ब्रँचला बदली मागितली तर,” आणि मी तुला पुढचा शब्द उच्चारू दिला नाही. नक्को, म्हटलं. पुण्यात तुझं चांगलं होईल, इथं काय आहे, नानांचं हे असं, आठवड्यातले तीन दिवस माझे हॉस्पिटलातच जातात, तुझी आई काय म्हणेल. मग पाण्याची बाटली घेतलीस का, डबा कुठला, बर्थ खालचा आहे ना. गाडी सुटेपर्यंत मी बडबडत होते. तुझा चेहरा हळूहळू मिटत गेला तो मी बघितला आणि मनात म्हटलं, बरं झालं, उद्या याच्यावर नाही म्हणायची वेळ यायची नाही. मी ठरवून टाकलं होतं की आज ना उद्या तू नानांच्या आजाराला कंटाळशील. तू कंटाळणारा आहेस की नाही हे बघायची माझी हिंमत नव्हती. म्हणून तुझं उत्तर मीच देऊन टाकलं. त्यानंतर एक दिवस असा गेला नाही की मी तुला मनातल्या मनात ते वाक्य पुरं करू दिलं नाही. काचीगुड्याच्या सिग्नलला, दवाखान्याच्या लिफ्टमध्ये, भाजी निवडताना. दर वेळी तू ते वेगवेगळ्या शब्दांत पुरं करतोस आणि दर वेळी मी हो म्हणते. मला तुझी आठवण येते, हर्षवर्धन. नुसती येते असं नाही. ती असतेच.

आता हे पत्र का लिहिलं ते. येत्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी अकरा वाजता मेनचा ब्रेकर मी स्वतःच्या हातानं उघडणार आहे, डायलिसिस चालू असताना; नोकरीचं काहीही ठरलं तरी तेवढं हॉस्पिटलनं मान्य केलं आहे. नाना मशीनवर असतील, त्यांनी भाग्यलक्ष्मीलाही मोजायला शिकवून ठेवलं आहे, आणि या वेळी बाराही जणांना मी खाटेपाशी जाऊन विचारलं आहे. हॉस्पिटलनं तुमच्या ऑफिसला रीतसर मेल पाठवला होता की पॅनेल बसवणाऱ्या इंजिनिअरनं हजर राहावं. मी मनातून खूष झाले होते, कारण मला काही न मागता तू आला असतास. काल उत्तर आलं. तार बसवून झाली आहे, रितेश पुरेसा आहे, पुण्याहून कुणी यायची आवश्यकता नाही. त्यांचं बरोबर आहे. ज्याच्या आडून तुला बोलवावं असं माझ्याकडे आता काहीही उरलेलं नाही, म्हणून सरळ लिहिते. नाही म्हणायचं असेल तर ते तू म्हण, तुझ्या वतीनं मी पुन्हा म्हणणार नाही. त्या शनिवारी तुझं इथं काही काम नाही. तरी ये.

तू म्हणशील तर तुझीच,
माधवी